दोनशे बारा टक्के

१

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी कुंभकोणमच्या बायका भरल्या नदीला हळदकुंकू वाहतात आणि मनगटाला पिवळा दोरा बांधतात. सौम्यानेही बांधला होता. एकोणिसाव्या दिवशी सकाळी साक्कोट्टैच्या वाटेवर, अरसलार नदीच्या बंधाऱ्याला तिचं प्रेत अडकलेलं सापडलं, तेव्हा तो दोरा तसाच होता.

बंधाऱ्याच्या थोडं वर एक पडका घाट आहे. तिथे पायरीवर तिच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. शेजारी तिच्या प्रबंधाची फाईल, आणि फाईलवर त्यातलंच एक सुटं काढलेलं पान. उडू नये म्हणून त्यावर दगड.

सब-इन्स्पेक्टर अलमेलूने ते पान धनलक्ष्मीबाईंसमोर ठेवलं. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. कॉलेजात पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सौम्याच्या मार्गदर्शक. घराणं तंजावरच्या दरबारी मराठ्यांपैकी, म्हणजे पूर्वज दफ्तरात लेखणी घासणारे. ती लेखणी बाईंच्या हातात उतरली होती आणि तिची धार जिभेवरही.

"हे लाल अक्षर तुमचं?" अलमेलूने तमिळमध्ये विचारलं.

"माझं."

"ही कुठली लिपी? ठाण्यात कुणालाच लागेना."

"भाषा मराठी, लिपी मोडी. मुलीच्या चुका चारचौघांत कशाला, म्हणून मी तिला मोडी शिकवली आणि तिच्या कागदावर मोडीत लिहीत असे."

"काय लिहिलंय?"

पानावर मधोमध एक आकडा होता, दोनशे बारा टक्के, आणि त्याच्याखाली लाल शाईत दोनच ओळी. बाईंनी वाचलं, "अशक्य. पुन्हा मोज."

अलमेलूने वही मिटली. "म्हणजे तिला चिठ्ठी लिहायची गरजच पडली नाही, मॅडम. तुम्हीच लिहून दिली होती."

लाल अक्षरांशेजारी पेन्सिलीचं वाटाण्याएवढं वर्तुळ होतं. बाईंना ते दिसलंही. पण त्या घटकेला त्यांना आपल्या शाईपलीकडचं काही उमगत नव्हतं.

२

"लाल शाईनें माझी पोर नेलीस. आतां काय मोजायला आलीस?"

सौम्याची आई विशालाक्षी एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं. घरात एकुलती एक मुलगी, तीही गेली. बाई त्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या. भांडायला आलेल्या असत्या तर भांडल्या असत्या; पण त्यांना स्वतःलाच दुसरं काही सुचत नव्हतं. एका शब्दाने माणूस मरतं का? मरत असेल तर तो शब्द आपला होता.

कुणीतरी हाताला धरून त्यांना पायरीवरून खाली आणलं. तो शामसुंदर होता, त्यांचा चुलतभाऊ. दोघं एका घरात, एका झोपाळ्यावर वाढलेले. आता तो ओतारी गल्लीतल्या पंचधातूच्या मूर्ती परदेशी पाठवणारा मोठा व्यापारी. विठ्ठलाच्या देवळात एकादशीचं भजन त्याच्या खर्चाने, आणि काल सौम्याच्या चितेची लाकडंही त्यानेच आणवलेली. गावात त्याला नावं ठेवणारं माणूस शोधून सापडलं नसतं.

"अक्का, मनाला लावून घेऊं नकोस," तो म्हणाला. "एका पानावर रागें भरलीस, तर पुढल्याच पानावर 'माझ्याहून बरें लिहिलेंस' म्हणून पाठ थोपटलीस. तें कोण पाहतो? लोकांस वाईट तेवढें दिसतें."

बाईंना त्या बोलण्याने बरं वाटलं. दुःखात माणूस मायेचा शब्द पारखून घेत नाही.

घरी आल्यावर त्यांनी फाईल उघडली. पोलिसांना त्यातलं लाल काही वाचता येत नव्हतं, म्हणून अलमेलूने ती दोन दिवसांसाठी त्यांच्याकडे दिली होती. एकूण बासष्ट पानं. सुटं काढलेलं पान एकेचाळीस नंबरचं. बाईंनी तो आकडा पहिल्यांदाच नीट पाहिला. आकडा चुकीचा नव्हता. चुकीची त्यांची शेरेबाजी होती.

३

हिशेब साधा आहे. देशाची आयात आणि निर्यात यांची बेरीज करायची, आणि ती देशाच्या एकूण उत्पन्नाच्या शेकडा किती भरते ते पाहायचं. त्यावरून देशाचा संसार घरच्या चुलीवर किती आणि बाहेरच्या बाजारावर किती, ते कळतं. आपल्या देशाचा आकडा पन्नासच्या आगेमागे घुटमळतो.

सौम्याने ओतारी गल्लीलाच एक देश मानलं होतं. गल्लीत येईल ती आयात. गल्लीतून जाईल ती निर्यात. गल्लीतल्या माणसांनी घाम गाळून मिळवलं ते उत्पन्न. गंमत म्हणून सुरू केलेलं काम, पण दोन वर्षं घरोघर फिरून पोरीने ते नेटाने केलं होतं. आणि तिचं उत्तर आलं दोनशे बारा.

ते पान बाईंनी आठ दिवसांपूर्वी, गुरुवारी तपासलं होतं. डोकं ठणकत होतं. आकडा पाहिला आणि हात आपोआप चालला. आता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शंभरावर आकडा जातो हे पस्तीस वर्षं फळ्यावर कोण लिहीत होतं? सिंगापूरचा तीनशेवर आहे. का, तर माल बंदरात येतो, टेकतो आणि पुढे जातो. जाता-येता दोन्ही वेळा तो व्यापारात धरला जातो, पण वाटेत कुणाच्या हाताला त्याचं काम मिळत नाही, म्हणून उत्पन्नात त्याचा मागमूस दिसत नाही. व्यापार फुगतो, कमाई तेवढीच राहते.

हे बंदरांना शोभतं. ओतारी गल्लीत तर गुडघाभर पाण्याची गटारं. तिथे तांब्याच्या तुकड्याला हात लागल्याशिवाय तो मूर्ती होतच नाही.

मग हात न लागता गल्लीतून काय जात होतं?

४

शामसुंदरच्या सगळ्या मूर्ती ओतायचं काम चंद्रमौली स्थपतीकडे असे. त्याचा कारखाना, तिकडच्या बोलीत पट्टरै, गल्लीच्या टोकाला. बाई गेल्या तेव्हा तो एका मेणाच्या देवीचा कान कोरत होता.

या कामाची रीत अशी. मूर्ती आधी मेणात घडवायची. मग तिला मातीत लिंपायचं, भाजून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. थंड झाल्यावर साचा फोडायचा. म्हणून एका साच्याच्या दोन मूर्ती कधी होत नाहीत. आणि धातू किती लागेल ते कळावं म्हणून मेणाची मूर्ती आधी तराजूत घालतात. साधारण आठपट धातू धरतात. ते मेणाचं वजन भट्टीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहायचं, ही चंद्रमौलीच्या बापापासूनची पद्धत. कागद भट्टीजवळ टिकत नाही. पोंगलला चुना लावला की नवी भिंत, नवं वर्ष.

सौम्याने प्रबंधात लिहिलं होतं : या गल्लीत काय जन्मलं हे जाणायचं तर भिंत वाचावी.

बाईंनी भिंत पाहिली. ती पांढरीशुभ्र होती.

"स्थपती, आडीत चुना?" त्यांनी विचारलं. आडीत कुंभकोणमात लग्न नाही, घरभरणी नाही, शुभ म्हणून काही करत नाहीत. "पोंगल तर अजून पाच महिने लांब आहे."

"ओल आली होती," चंद्रमौली म्हणाला. त्याच्या हातातली कोरणी देवीच्या कानातून घसरली आणि मेणाचा तुकडा खाली पडला. पन्नास वर्षं कोरणी धरलेला हात.

"कधी लावला?"

"सणाच्या दुसऱ्या दिवशी."

"सौम्या सणाला इथे आली होती?"

"पट्टरै बंद होती. मला काही माहीत नाही, अम्मा. मला विचारू नका." आणि तो एवढा मोठा माणूस खरोखरच रडकुंडीला आला.

तिथून बाई शामसुंदरच्या दुकानात गेल्या. त्याने कॉफी मागवली. सौम्याचं नाव निघताच त्याचे डोळे भरले.

"ती हल्लीं तुजकडे आली होती काय रे?"

"महिना झाला असेल अक्का. परदेशीं गेलेल्या पेट्यांची यादी मागायला आली. मी दिली. आपल्या जातीची पोर शिकते म्हणून कौतुक वाटलें. त्यानंतर तिचें तोंड पाहिलें नाही."

"तिनें काय लिहिलें तें दाखवलें कधीं?"

"फाईल? छे. मी कोठें वाचूं तिचें अर्थशास्त्र! मजला मूर्ती कळते आणि अभंग कळतो."

यादीची एक प्रत त्याने बाईंनाही दिली, न मागता. चोर असता तर दिली असती का? बाई वाटभर स्वतःला हेच विचारत राहिल्या.

यादीप्रमाणे जानेवारीपासून सत्तावन्न मूर्ती बाहेर गेल्या होत्या. त्यातल्या चंद्रमौलीने किती ओतल्या हे फक्त भिंतीला ठाऊक होतं, आणि भिंतीचं तोंड कुणीतरी बंद केलं होतं.

५

कॉलेजात सौम्याच्या समोरच्या टेबलावर मुरली बसायचा. दोघांचं संशोधन एकत्रच सुरू झालेलं. तिचं पुढे गेलं, याचं रखडलं. अलमेलूचा त्याच्यावर डोळा होता, कारण सौम्याने शेवटच्या आठवड्यात नवी पानं लिहिली होती असं कॉलेजचा शिपाई सांगत होता, आणि ती फाईलमध्ये नव्हती.

"मी कशाला चोरू?" मुरली तडकला. "मॅडम, तुमचं ते लाल लिहिलेलं मला अळ्यांसारखं दिसतं. आम्हा सगळ्यांना वाटायचं, तुम्ही तिला मराठीत शिव्या देता. ती हसायची. वाचून दाखव म्हटलं तर कधी दाखवलं नाही. घरातलं घरात, म्हणायची."

मग तो थोडा नरमला. "त्या पानाने ती खचली असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. शुक्रवारी ती इथे उड्या मारत होती. म्हणाली, सापडलं. मॅडमना फोन केला, त्यांनी उचलला नाही, आता सण झाल्यावर समोर जाऊनच सांगते. आणि लगेच गोल काढला."

"कसला गोल?"

"पेन्सिलीचा. तुमचा एखादा शेरा निस्तरला की ती त्याच्याशेजारी गोल काढायची. गोल काढला की मिटलं, म्हणायची. गोलाशिवाय कुठलंही पान ती सोडायची नाही."

बाईंनी फाईल उघडली. तिसरं पान, लाल शेरा, गोल. नववं पान, गोल. सतरा, बावीस, तीस. आणि एकेचाळीस. 'अशक्य'शेजारी वाटाण्याएवढा गोल.

तो प्रश्न पोरीने सोडवला होता. सोडवलेल्या प्रश्नासाठी कुणी नदीत उडी घेत नाही.

म्हणजे ते पान तिने काढून ठेवलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी फाईलमधली नवी पानं काढून घेतली, उरलेली बासष्ट चाळली, त्यांतल्या डझनभर लाल शेऱ्यांतून सगळ्यात कडू शेरा नेमका निवडला आणि त्यावर दगड ठेवला. गोलाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. पण शेऱ्याचा अर्थ ठाऊक होता.

बाईंनी फाईल मिटली. त्यांना झोपाळा आठवला. वडील मधे बसलेले, हातात जुना कागद, डावीकडे आठ वर्षांची धनलक्ष्मी. आणि उजवीकडे?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चंद्रमौलीच्या पट्टरैत अलमेलू, दोन शिपाई आणि बाई होत्या. शामसुंदरला भिंत दाखवायला म्हणून बोलावलं होतं. तो कपाळाला बुक्का लावून आला.

"पाणी मारा," बाईंनी सांगितलं.

शिपायाने चार बादल्या भिंतीवर मारल्या. कच्चा चुना ओला झाला की आरपार दिसतो, हे चुना लावणाऱ्याला ठाऊक असतं, व्यापाऱ्याला नसतं. हळूहळू कोळशाचे आकडे वर आले, वाळवणावर घातलेल्या कडधान्यासारखे ओळीने. चंद्रमौलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अलमेलूने मोजले. शेहेचाळीस.

"यादीत सत्तावन्न," बाई तमिळमध्ये म्हणाल्या. "अकरा मूर्ती मेणातून जन्मल्याच नाहीत. त्या कुठल्यातरी उजाड देवळांतून आल्या, चार दिवस इथे टेकल्या, नव्या म्हणून पेटीत बसल्या आणि समुद्रापार गेल्या. या गल्लीतल्या कुणाचा हात त्यांना लागला नाही, म्हणून त्यांनी गल्लीच्या उत्पन्नात काही घातलं नाही. पण व्यापाराचा आकडा मात्र दोनशे बारावर नेला. सौम्याला आधी आकडा सापडला, मग भिंत."

"शामसुंदरअण्णांनी चुना लावायला सांगितला," चंद्रमौली हुंदके देत म्हणाला. "जुन्या मूर्ती मी ठेवून घेतल्या, अम्मा, ते पाप माझं. पोरीचं मला ठाऊक नव्हतं."

शामसुंदर हसला. "हा आपली कातडी वाचवतो आहे. मूर्तीचं म्हणाल तर कोर्टात पाहू. पण मुलीने जीव दिला, तिच्यापाशी कागद होता."

"तो कागद स्थपतीने निवडला नाही. मुरलीनेही नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना तो वाचताच येत नाही. या गावात मोडी वाचणारी माणसं तीन. एक मी. एक ती. माझ्या वडिलांनी झोपाळ्यावर दोन पोरांना मोडी शिकवली, इन्स्पेक्टर. उजव्या बाजूला हा बसायचा."

"शिकलों असेन," शामसुंदर म्हणाला. आता तो मराठीत आला होता. "पंचावन्न वर्षांपूर्वीचें कोणास आठवतें, अक्का?"

"तुजला आठवतें. विशालाक्षीच्या दारांत तूं मजला म्हणालास, पुढल्या पानावर 'माझ्याहून बरें लिहिलेंस' असें आहे. आहे. बेचाळिसाव्या पानावर आहे. तें मी गुरुवारीं लिहिलें, त्याच वेळीं लिहिलें. तूं तर तिजला महिनाभर पाहिलें नाहीस, आणि फाईल कधींच पाहिली नाहीस. मग वाचलेंस कोठें? घाटावर?"

बाईंनी तेच अलमेलूला तमिळमध्ये सांगितलं. पट्टरैत भिंतीवरून पाणी ठिबकत होतं.

शामसुंदरने बुक्का पुसला. का पुसला कोण जाणे.

"सणाच्या दुपारीं भिंत पाहून थेट मजकडे आली," तो म्हणाला. "भाबडी पोर. मजवर संशयसुद्धां नव्हता तिचा. म्हणाली, अण्णा, अकरा मूर्ती जास्त कशा, कोणी तुमच्या नांवानें पेट्या घालतो आहे, सावध राहा. मजला वांचवायला आली होती ती. मी म्हणालों, घाटाकडे चल, निवांत बोलूं. पाणी भरून चाललें होतें. वाटेंत म्हणालों, तो आंकडा सोडून दे, पन्नास लिही, कोण विचारतो? तर म्हणाली, अक्कानें सांगितलें आहे, पुन्हा मोज. मी मोजलें अण्णा, तितकेंच येतें." तो थांबला आणि पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मी ढकललें, होय. पण परत मोजायला तूं धाडलीस, अक्का."

बाईंनी ते सगळं अलमेलूला तमिळमध्ये सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

७

चार दिवसांनी बाई अलमेलूने करून दिलेली फाईलची रंगीत प्रत घेऊन पुन्हा विशालाक्षीच्या दारात गेल्या. जे घडलं ते सगळं सांगितलं, आपल्याला फोन उचलता आला असता हेही सांगितलं.

विशालाक्षी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तिनें जीव नाही दिला."

"नाही."

"आणि मोजायला परत कोणी धाडलें?"

"मी."

गल्लीतून भाजीवाली ओरडत गेली. विशालाक्षी उठली आणि दारातून बाजूला झाली. "आंत ये," ती म्हणाली. "तुजशीं बोलावें असें मजला वाटत नाही. पण तें लाल काय लिहिलें आहे तें मजला वाचतां येत नाही. वाचून दाखव. सगळीं पानें."

बाईंनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. 'इथे उगाच पाल्हाळ.' 'हे कुठून आणलंस?' 'शाबास.' 'वाक्य मोडून लिही.' 'शाबास पोरी.' प्रत्येक शेऱ्यानंतर विशालाक्षी विचारायची, गोल आहे? आणि बाई म्हणायच्या, आहे.

एकेचाळिसावं पान आलं. बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं, 'अशक्य. पुन्हा मोज' यावर आडवी रेघ ओढली आणि खाली मोडीत लिहिलं, 'बरोबर आहे. चूक माझी.' मग मोठ्याने वाचून दाखवलं.

"याला गोल?" विशालाक्षीने विचारलं.

"तो ती काढत असे," बाई म्हणाल्या.

विशालाक्षीने पान हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. मग म्हणाली, पुढलें वाच. बाईंनी पान उलटलं. बेचाळिसाव्या पानावर 'माझ्याहून बरं लिहिलंस' असं होतं. बाईंनी तेही वाचून दाखवलं.